चहाच्या कपाचा हिशेब आणि न काढलेला रकाना

"संगणक जात पाहत नाही." हे वाक्य आपल्याला हल्ली फार ऐकवले जाते. शिष्यवृत्ती अडली, रेशनकार्डावरचे नाव गेले, कंत्राटी कामगाराची हजेरी कापली गेली की समोरचा कर्मचारी स्क्रीनकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "मी काय करू? सिस्टीमने केलंय." माणसाने अन्याय केला तर त्याला जाब विचारता येतो. सिस्टीमला कोण जाब विचारणार?

यंत्राला जात नसते हे खरे आहे. पण यंत्राला कोणता प्रश्न विचारायचा, कोणती माहिती भरायची, कोणता रकाना ठेवायचा आणि कोणता मुळातच काढायचा नाही, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसे ठरवतात, आणि ती माणसे समाजात कुठे उभी आहेत यावर बरेच काही अवलंबून असते. हा मुद्दा हवेत मांडण्यापेक्षा इतिहासात जाऊन तपासलेला बरा. म्हणून आज धंद्याच्या कामासाठी नियमित चाललेल्या जगातील पहिल्या संगणकाची गोष्ट सांगतो. तो बँकेत जन्मला नाही, सैन्यातही नाही. तो जन्मला चहा आणि केक विकणाऱ्या कंपनीत.

चहावाल्यांनी बांधलेले यंत्र

लंडनची जे. लायन्स अँड कंपनी. १८९४ साली पिकाडिली भागात तिचे पहिले चहाचे दुकान उघडले. पुढे अशी दोन-अडीचशे दुकाने झाली. पश्चिम लंडनच्या हॅमरस्मिथ भागात कॅडबी हॉल नावाचा तिचा अवाढव्य कारखाना होता. तिथे पाव, केक, पाय भाजले जात आणि तिथून गाड्या भरून दुकानांना माल जाई.

या धंद्याची अडचण नीट समजून घ्या. जहाज विकणारा वर्षाला चार बिले फाडतो. चहा विकणारा दिवसाला लाखो कप विकतो आणि एका कपामागे सुटतात ते चिल्लर पैसे. प्रत्येक विक्रीची नोंद, तपासणी, बेरीज करायला कारकून बसवले तर त्यांच्या पगारातच नफा संपतो. म्हणजे चहा विकण्यापेक्षा चहाचा हिशेब ठेवणे महाग. १९२३ साली जॉन सिमन्स हा केंब्रिजमध्ये गणित शिकलेला तरुण कंपनीत आला, तो नेमका हाच प्रश्न सोडवायला. त्याने कार्यालयीन कामाच्या अभ्यासासाठी वेगळा विभाग उभा केला. कोणता कागद कुठून येतो, कोणाच्या टेबलावर थांबतो, त्यातून कोणाला काय कळते, याचा हा विभाग वर्षानुवर्षे अभ्यास करत होता. आज बिझनेस इन्फर्मेशन सिस्टीम या नावाने कॉलेजात जे शिकवतात, त्याचा पाया यंत्र येण्याआधी असा कागदावर घातला गेला.

१९४७ साली लायन्सचे दोन अधिकारी, रेमंड थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड, कार्यालयांतील नव्या पद्धती बघायला अमेरिकेत गेले. युद्धकाळात तिथे इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रे तयार झाली होती. ती तोफगोळ्यांचे मार्ग काढायला होती, पावाचा भाव काढायला नव्हती. प्रिन्स्टनमध्ये हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितले की तुमच्याच देशात, केंब्रिजमध्ये, मॉरिस विल्क्स असे यंत्र बांधत आहेत. परत आल्यावर लायन्सने केंब्रिजला ३,००० पौंड आणि आपला एक तंत्रज्ञ मदतीला दिला. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजचे एडसॅक यंत्र चालले. त्याच्या आराखड्यावरून लायन्सने आपले स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. जॉन पिंकर्टन हे त्याचे मुख्य अभियंता. नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओवर बेकरीचा आठवड्याचा हिशेब नियमित सुरू झाला: किती पाव आणि केक तयार झाले, त्यांना कच्चा माल आणि मजुरी मिळून किती खर्च आला, कोणाला किती किमतीचा माल गेला.

यंत्राच्या पोटात काय होते?

आपल्या पोरांना हार्डवेअर म्हटले की कीबोर्ड, माऊस, रॅम अशी नावे पाठ करायला लावतात. नावे पाठ होतात, काम कळत नाही. लिओ एवढा मोठा होता की त्याचा प्रत्येक भाग उभा राहून बघता यायचा. म्हणून शिकायला तो सोपा.

पहिला भाग, माहिती आत घेण्याचा. कार्डाला किंवा कागदी पट्टीला भोके पाडायची आणि यंत्राने ती वाचायची. भोक आहे किंवा नाही, एवढीच त्याची भाषा.

दुसरा भाग, स्मरणाचा. आजची चिप तेव्हा नव्हती. पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या होत्या. नळीच्या एका टोकाला विजेच्या ठोक्याचा ध्वनी करायचा, तो पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचला की त्याची पुन्हा वीज करायची आणि परत पहिल्या टोकाला पाठवायची. गोल बसलेल्या पोरांनी कानगोष्ट सतत फिरवत ठेवावी तसे. फिरणे थांबले की आठवण पुसली. अशा सगळ्या नळ्यांची मिळून स्मृती आजच्या मापात नऊ किलोबाइटच्या आत भरते. मोबाइलमधला एक लहानसा फोटोही तिच्यात मावणार नाही.

तिसरा भाग बेरीज-वजाबाकी-गुणाकार करणारा आणि चौथा कोणती कृती कधी करायची ते सांभाळणारा. हे काम सुमारे ६,००० व्हॉल्व्ह करत. व्हॉल्व्ह म्हणजे तापणारे काचेचे दिवे, जे विजेची ये-जा उघडझाप करतात. एक जरी बिघडला तरी हिशेब चुकणार. म्हणून काम सुरू करण्याआधी मुद्दाम विजेचा दाब कमीजास्त करून बघत, म्हणजे जो दिवा मरायला टेकला आहे तो आधीच उघडा पडे. पाचवा भाग छापून देण्याचा.

लायन्सच्या लोकांची हुशारी कुठे होती? शास्त्रज्ञाला थोडी माहिती आत घालून प्रचंड गणित करायचे असते. धंद्यात उलटे असते. गणित साधे, पण माहिती ढीगभर आत घालायची आणि ढीगभर छापून बाहेर काढायची. मग यंत्राचा मेंदू रिकामा बसतो आणि दारात रांग लागते. म्हणून त्यांनी दारे वाढवली. माहिती आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे अनेक मार्ग केले आणि मध्ये तात्पुरती साठवण ठेवली. हे गणितातून सुचणारे नव्हते. रोज बिले मोजणाऱ्याला रांग कुठे लागते ते माहीत असते.

दुपारचा एक फोन

१९५४ साली लिओवर चहाच्या दुकानांच्या मागणीचे काम सुरू झाले. ते आजही पुरवठा-साखळीचा धडा म्हणून वाचावे असे आहे. प्रत्येक दुकानाची त्या त्या वारासाठी एक ठरलेली मागणी यंत्राकडे आधीच होती. सोमवारी इतके पाव, शनिवारी इतके केक. दुकानाची व्यवस्थापक बाई रोज पूर्ण यादी लिहीत नसे. तिला फोन येई आणि ती फक्त बदल सांगे. उद्या पाऊस दिसतोय, हे दोन कमी करा, ते चार वाढवा. फोनच्या या टोकाला कानाला यंत्र लावून बसलेली मुलगी ऐकता ऐकता कार्डाला भोके पाडी. लिओ सगळ्या दुकानांचे बदल जमेस धरून कारखान्यात काय किती करायचे, कोणत्या दुकानासाठी काय बांधायचे याचे कागद काढून देई. वर किती मागवले आणि किती विकले हे ताडून वाया काय जाते तेही दाखवी.

पगाराचेही तसेच. एका कामगाराच्या पगाराचा हिशेब करायला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद. मग दुसऱ्या कंपन्याही आपले पगार लिओवर करून घेऊ लागल्या. १९५४ मध्ये संगणक विकणारी वेगळी लिओ कंपनी निघाली. पुढे विलीनीकरणे होत होत १९६८ साली हे घराणे आयसीएल या ब्रिटिश कंपनीत मिसळले. त्याच आयसीएलची भारतातील शाखा, आयसीआयएम, आपल्या पुण्यात होती. म्हणजे ही गोष्ट वाटते तितकी सातासमुद्रापारची नाही.

मेरिट नावाची भाकडकथा

इथे थोडे थांबू. संगणक हे 'मेरिटवाल्यांचे' क्षेत्र, तिथे आरक्षण आले की दर्जा गेला, असा गळा काढणाऱ्यांनी लिओचा इतिहास जरूर वाचावा. लिओचे पहिले प्रोग्रॅमर कुठून आले? संगणकशास्त्राची पदवी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. बहुतेक जण कंपनीच्याच कार्यालयांतून निवडले गेले, चाचणी आणि प्रशिक्षण देऊन. १९५२ साली मेरी कूम्ब्स या तरुणीची निवड झाली. व्यावसायिक संगणकावरील पहिली महिला प्रोग्रॅमर म्हणून आज तिचे नाव घेतात. तिने पदवी घेतली होती फ्रेंच भाषेत आणि इतिहासात. दार उघडले आणि शिकवले, तर भाषा शिकलेली मुलगी यंत्राची भाषाही शिकली. गुणवत्ता रक्तातून येत नाही, संधीतून येते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

पण या गोष्टीलाही एक बाजू आहे, ती लपवू नये. मेरी आत आली तेव्हा प्रोग्रॅमरांत बायका विरळच होत्या. फोन ऐकून दिवसभर भोके पाडणाऱ्या मात्र मुलीच. सगळी साखळी त्यांच्या बोटांवर उभी होती. एका मुलीने एक भोक चुकवले तर एका दुकानाला माल चुकीचा. आज इतिहासाच्या पुस्तकांत अभियंत्यांची आणि अधिकाऱ्यांची नावे आहेत. त्या मुलींची किती आहेत?

साखळीचे दुसरे टोक

आता मुख्य मुद्दा. लिओला कारखान्यातील प्रत्येक पावाचा खर्च माहीत होता. चहाचे साठे आणि मिश्रणाची कामेही त्याच्यावर होत. प्रश्न असा की या साखळीत मागे मागे गेले तर लिओची नजर कुठे संपत होती? चहाच्या पेटीपाशी. पेटीचे वजन, पेटीचा भाव, पेटी कोणत्या मिश्रणात गेली. पेटीच्या अलीकडे काहीच नाही.

पेटीच्या अलीकडे कोण होते? इंग्रजांच्या चहाच्या मिश्रणात आफ्रिकेचा, सिलोनचा आणि भारताचा चहा असे. भारतातला मोठा वाटा आसामचा. आसामच्या मळ्यांत छोटा नागपूर, संथाल परगणा, ओडिशा इथले आदिवासी आणि भूमिहीन जातींचे लोक करारावर नेले गेले. त्यांना भुलवून गोळा करणाऱ्या दलालाला अरकाटी म्हणत. १८५९ च्या कायद्याने करार मोडणे हा मजुराच्या बाबतीत गुन्हा ठरवला. १८८२ च्या कायद्याने पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार मळेवाल्याला दिला. मालकाने करार मोडला तर दिवाणी भांडण, मजुराने मोडला तर तुरुंग.

कोणी म्हणेल, त्या काळी आसामच्या जंगलात नोंदी कोण ठेवणार? हा बचाव टिकत नाही. मळ्यावर नोंद काटेकोर होती. मजुराची भरतीच्या वेळी नोंद होई, करार लिहिला जाई. रोजच्या ठरलेल्या कामाला हाजिरा म्हणत आणि त्याची हजेरी लागे. खुडलेल्या पानांचे वजन वहीत चढे, टोपलीचे आणि ओल्या पानाचे म्हणून त्यातून कापलेही जाई. म्हणजे मजूर कागदावर होता. तो वजन म्हणून होता, खर्च म्हणून होता, बाकी म्हणून होता. माणूस म्हणून नव्हता. त्याची भूक, त्याचे तापाने मेलेले मूल, त्याची गावाकडे परतायची इच्छा यांना रकाना नव्हता. जे मालकाला हवे होते ते मोजले गेले, जे मजुराला हवे होते ते मोजले गेले नाही.

मग ते मोजले कधी गेले? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, मजुरांच्या स्थितीची देशभर चौकशी करण्यासाठी डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मळ्यांतील मजुरांवर तिचा स्वतंत्र अहवाल १९४६ मध्ये आला. मजुरी, घरे, आरोग्य, कर्ज असे प्रश्न सरकारी कागदावर आले. म्हणजे नवे रकाने काढले गेले. पुढे संसदेने मळे मजूर कायदा केला. घर, दवाखाना, पिण्याचे पाणी, पाळणाघर, कामाच्या तासांची मर्यादा या गोष्टी मालकावर बंधनकारक झाल्या. त्या कायद्याची तारीख बघा: २ नोव्हेंबर १९५१. ज्या महिन्यात लंडनमध्ये लिओने पावाचा आणि केकचा हिशेब नियमित सुरू केला, त्याच महिन्यात इकडे कायद्याने प्रथमच मळ्यातल्या बाईच्या पाळणाघराचा हिशेब मागितला. दोन्ही माहितीच्याच व्यवस्था. एक मालकाचा प्रश्न विचारत होती, दुसरी मजुराचा. कायदा झाला म्हणजे अंमल झाला असे नव्हे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण विचारलाच गेला नाही तो प्रश्न कधीच सुटत नाही.

आणि रकान्याची ताकद बघायची असेल तर आजचा आसाम बघा. झारखंडमध्ये ज्या मुंडा, उरांव, संथाल समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, त्याच समाजांचे चहामळ्यात गेलेले वंशज आसाममध्ये इतर मागासवर्गात मोजले जातात. माणूस तोच, पणजोबा तेच, फक्त रकाना बदलला आणि हक्क बदलले.

भिवंडीतला स्कॅनर

'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्द १९८२ साली कीथ ऑलिव्हर या सल्लागाराने चलनात आणला. तोवर लायन्सची चहाची दुकाने बंद झाली होती, १९८१ मध्ये. पण दुपारच्या त्या फोनमागची कल्पना जगभर पसरली. आज कार्डाच्या जागी बारकोड आहे आणि फोनवरच्या मुलीच्या जागी हातातला स्कॅनर.

आमच्या वस्तीतला एक पोरगा भिवंडीच्या एका गोदामात कामाला आहे. तो सांगतो, "दादा, स्कॅनरला सगळं कळतं. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, मी ती किती सेकंदांत उचलली, दोन वस्तूंच्या मध्ये किती वेळ गेला." लघवीला गेला तो वेळ 'रिकामा' म्हणून दिसतो. मी विचारले, "पाठ दुखते ते कुठे दिसतं?" तो हसला. त्याची हजेरी गोदामाच्या कंपनीच्या नावावर नाही, कंत्राटदाराच्या नावावर आहे. डब्याला जन्मापासून घरपोच होईपर्यंत ओळख आहे, डबा उचलणाऱ्याला नाही. हा तंत्राचा दोष नाही. जे यंत्र सेकंद मोजते त्याला विश्रांतीही मोजता येते, किमान वेतन दिले की नाही हेही तपासता येते. सांगणारा हवा.

म्हणून माझे म्हणणे यंत्राच्या विरोधात नाही. यंत्र फोडून आपले काही भले होणार नाही. उलट आपल्या पोरापोरींनी ते आतून बाहेरून शिकले पाहिजे. पण भोके पाडणारी बोटे म्हणून नव्हे. जिथे रकाने ठरतात त्या टेबलावर बसण्यासाठी. श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिला होता. नव्या कार्यालयात तीच उतरंड नव्या नावाने उभी राहत असेल, तर ती ओळखणे हे आपले काम आहे.

शेवटी घरातली एक आठवण. आमच्या आजोबांच्या गावात एकच हॉटेल होते. आमच्या लोकांची कपबशी बाहेर वळचणीला पालथी ठेवलेली असे. चहा वरून ओतायचा, पिऊन झाला की आपणच विसळून परत पालथी घालायची. पण आजोबा सांगत, उधारीच्या वहीत माझे नाव आतच होते हो, पाटलांच्या नावाखाली, त्याच पानावर. कप बाहेर आणि उधारी आत. पैशाला विटाळ नव्हता.

ती वही हीसुद्धा एक माहितीव्यवस्थाच होती. तिला आजोबांचे देणे माहीत होते, त्यांची तहान आणि त्यांचा अपमान माहीत नव्हता. म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणाले की सिस्टीमला जात कळत नाही, तर त्याला एवढेच विचारा: वही कोणाची आहे, आणि तिच्यात रकाने कोणी आखले?

जय भीम!